आरशातली खुर्ची

"अहो, तो जपानी चावटपणा पुसून टाका एकदाचा! सापडलात तर सौदीत राहायचा इकामा जाईल, दोघांनाही नाशिक गाठावं लागेल," मंजिरीबाई स्वयंपाकघरातून करवादल्या.

"तीनदा पुसला गं! परत येतोय," शिरीषराव वैतागले.

पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या चित्रपटाची प्रत दुसऱ्या कुणाकडेच नाही, एवढ्याच मोहापायी त्यांनी तो मिळवला होता.

संगणकावर उघड्या पाठीची बाई आरशासमोर केस विंचरत होती. आरशात मात्र अबकैक गावातली त्यांची ही खोली होती. हीच पुस्तकं, हीच खुर्ची, खुर्चीत शिरीषराव.

त्यांनी चौथ्यांदा चित्रपट पुसला. बाई विंचरतच राहिली. आरशातली खुर्ची रिकामी झाली.

मंजिरीबाई दारात आल्या. थेट त्यांच्याकडे बघत चिडून म्हणाल्या, "आता कुठे उलथलात?"