झाड असेल ती जागा

"कुलूप उघडा," सर्वे खात्याचे रेवणसिद्ध साहेब म्हणाले.

भगवानरावांना घाई नव्हती. त्यांनी खिशातून किल्ली काढली, बोटावर फिरवली आणि नागूबाईकडे बघून हसले. "अक्का, कामून उगंच उन्हात उभ्या राहायलाव? आत काय न्हाई आता. घरी जाऊन निवांत पडा."

नागूबाई जागची हलली नाही. कडगंचीहून ती सून मंगलला घेऊन चालत आली होती. पत्र्याच्या कुंपणापलीकडे चार एकर माळ होता आणि त्या माळाच्या पोटात तिची माणसं होती. सासू, नवरा, सहा महिन्यांची होऊन गेलेली लेक. तिचे वाडवडील मेंढरांमागे फिरणारे. मढ्यावर चिरा बसवून त्याची देखभाल करायला कोणाला सवड होती? म्हणून माणूस गेलं की आधीच्या मातीवरच्या वांदररोटीची एक कांडी मोडायची आणि नव्या मातीत खोचायची. जाड, रसाळ पानांचं झुडूप. शेरडं तोंड लावत नाहीत, पाणी कधी मागत नाही. लेकीच्या मातीवरची कांडी नागूबाईने सासूच्या झाडाची मोडली होती, आणि नवऱ्याच्या मातीवरची लेकीच्या झाडाची.

भगवानरावांनी माळ विकत घेतला होता. त्यांना तिथं गोदाम बांधायचं होतं. उन्हाळ्यात तक्रार झाली तेव्हा याच साहेबांनी पंचनामा केला. वांदररोटीचं झाड असेल ती जागा सोडायची, बाकीची भगवानरावांची. दोन्ही बाजूंनी कबूल केलं, अंगठे-सह्या झाल्या. तेव्हा झाडं होती एकेचाळीस.

पंधरा दिवसांत भगवानरावांनी चहूबाजूंनी पत्रे ठोकले आणि आत जेसीबी घातला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून तुराट्यांचा भुगा करतात तसा वरून तीनदा ट्रॅक्टरचा रोटर फिरवला. नागूबाई बाहेरून पत्र्यावर मुठी आपटत राहिली. कोणी उघडलं नाही. मग फाटकाला कुलूप पडलं ते तीन महिने. आज साहेब झाडांच्या जागा मोजून द्यायला आले, म्हणून ते निघणार होतं. यंदा पाऊसही चार शिंतोडे टाकून गेला. रानातल्या तुरीनं माना टाकल्या होत्या.

"आत्याबाई, खूण तुम्ही कामून सांगितलीत त्यान्ला?" मंगल हळूच म्हणाली. ही सल तिला तीन महिने होती.

"खूण सांगायलाच असती गं. लपवायला नसती." नागूबाईने पदर खोचला. "झाड न्हाई तर न्हाई. कोण कुठं निजलंय ते माझ्या पायाला ठाव हाय. मी चालून दावते. त्यांनी माझे पाय उपटावेत."

कुलूप निघालं. भगवानरावांनी फाटक ढकललं, आणि ते हसायचे थांबले.

साहेब आत पाऊल टाकायला गेले आणि तसेच थांबले. पाऊल ठेवायला जागा नव्हती. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत वांदररोटी उगवली होती. कुठे बोटभर, कुठे वीतभर. रोटरनं केलेल्या तुकड्यान् तुकड्यानं मूळ धरलं होतं, तेही असल्या कोरड्या सालात.

नागूबाईने फाटकाचा आधार घेतला. यातली लेकीची कुठली ते तिला ओळखू येईना. सगळा माळच लेकीचा वाटला.

साहेबांनी पंचनाम्याची ती ओळ पुन्हा वाचली. भगवानरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अक्का, आता मी काय मोजू आणि कुठून?"

"लई सोपं हाय, साहेब," नागूबाई म्हणाली. "बिनझाडाची जागा घावंल तेवढी मोजा, आन् भगवानरावांना देऊन टाका."