घसरता पट्टा

उकडलेलं छातीचं मांस, चांदीच्या कागदात.

बर्फात फेकलेला जळका पट्टा.

शेजारच्या दरीतून वर येणारा, हेट्टा कुटुंबाचा रेनडिअरचा कळप. दिसत नाही, घंटा तेवढ्या ऐकू येतात.

कुत्रा काहीतरी चाटतोय.

इंजिन जोरात ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. राह्केलने बर्फावरची ती जुनी गाडी बंद केली, खाली उतरली, बॉनेट उघडलं.

"नवा पट्टा घातला तरी घसरतोय," ती म्हणाली. "आता आणखी पट्टा नाही."

मागच्या लाकडी घसरगाडीवरून तिचा दीर साम्मोल उतरला, गुडघे चोळत.

"योव्ना असता तर..."

"असता तर त्याने पाना भिरकावला असता. तुमचा भाऊ तुम्हाला ठाऊक नाही का, भावोजी? माझा नवरा आता या जगात नाही. तुम्हाला काय दिसतंय ते बोला."

ईस्टरच्या जेवणात सगळ्या नातलगांनी ठरवलं होतं. योव्नाचे रेनडिअर राह्केलने या वसंतात दुसऱ्या कुणाच्या कळपात मिसळू न देता खिंडीपार नेले, तर ते तिचे. मिसळले, तर साम्मोलच्या कळपात जातील, आणि राह्केल गावात शिवण घेऊन बसेल. ठरवणारा साम्मोल नव्हता. पण तो नाहीही म्हणाला नव्हता. आज तो साक्षीला आला होता. त्याची गाडी खाली, कळपाच्या मागे, त्याच्या बायकोकडे होती.

तिचा कळप डावीकडच्या ओढ्याने आपला आपणच वर निघाला होता. हेट्टांचा उजवीकडून. दोन्ही एकाच खिंडीकडे. मधे कोणी उभं राहिलं नाही तर मिसळणार. वेगळे करायला परत कुंपणात हाकावे लागणार. आणि या दिवसांत गाभण माद्या पळवल्या की गाभ टाकतात.

"क्लचची स्प्रिंग गेली असेल," साम्मोल म्हणाला.

"धड आहे. बघितली."

"मग पट्टा सैल आहे."

"दाबून बघा की."

त्याने अंगठ्याने दाबला. सैल नव्हता.

"मग गाडीच म्हातारी झाली, वहिनी."

"तुमच्याहून तरुण आहे. आणि इथवर तुम्हाला तिनेच ओढून आणलंय."

कुत्र्याने पुन्हा बॉनेटखाली तोंड घातलं.

"निघ, मेल्या! जीभ भाजेल," म्हणत तिने त्याची मान धरून ओढली. मग थांबली. वाकली. क्लचच्या थाळीवरून बोट फिरवलं, वास घेतला.

दुपारचं जेवण इंजिनच्या धुराड्याच्या नळीवर गरम करत ठेवायचं, हे इथे सगळेच करतात. आज कागद फाटला होता. वितळलेली चरबी ठिबकत थेट क्लचवर गेली होती. थाळ्यांनी चावून धरला तरच पट्टा गाडी ओढणार. इथे तर थाळ्या लोण्यासारख्या झाल्या होत्या.

"चरबीचा तुकडा तुमच्यासाठी घेतला होता," ती म्हणाली. "मुद्दाम."

"सकाळीच द्यायचा होता. खाऊन टाकला असता."

दोघं हसले. मग घंटांचा आवाज आला, आधीपेक्षा जवळून.

तिने बर्फाने घासून पाहिलं. चरबी मेणासारखी थिजली, निघाली नाही.

"पेट्रोलने पुसा," साम्मोल म्हणाला.

"टाकीतल्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असतं, भावोजी. जास्तच घसरेल."

इथे झाडं नव्हती. पाणी तापवायला सरपण नव्हतं. राह्केल गाडीला टेकून उभी राहिली. हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

साम्मोल दर रविवारी प्रार्थनाघरात वाचन करायचा. त्याच्या घरात खोकल्याचं औषधही दारूचा अंश नसलेलंच यायचं. आणखी थोडा वेळ तो नुसता उभा राहिला असता, तरी त्याला कोणी बोल लावला नसता.

त्याने कोटाची बटणं सोडली. आत हात घातला. चपटी पत्र्याची बाटली काढली.

"घरी गाळलेली आहे. कडक. चरबी कापेल."

राह्केलने बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्ही?"

"फडकं धरा."

"भावोजी, प्रार्थनाघरात तुम्ही सगळ्यांना..."

"वहिनी. घंटा ऐका. फडकं धरा."

झाकण गंजून बसलं होतं. पकडीने फिरवावं लागलं. त्याने ओतलं, तिने पुसलं. एक थाळी, दुसरी थाळी, पट्ट्याच्या दोन्ही कडा. मग वाळूच्या कागदाने घासलं, पुन्हा पुसलं. बाटली रिकामी झाली. त्याने ती कोटात परत ठेवली.

इंजिन सुरू झालं. तिने हळूच वेगाची कळ दाबली. गाडीने झटका खाल्ला आणि पुढे सरकली.

"बसा."

"घसरगाडी सोडून द्या. मी चालत येतो. ओझं नको."

तिने आकडा काढला. बसली, पण निघाली नाही.

"मी कोणाला सांगणार नाही."

"सांगितलंत तरी चालेल," साम्मोल म्हणाला. "निघा."

पट्टा धरून राहिला. चढ संपला. खिंडीत राह्केलने गाडी आडवी लावली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. उजवीकडे हेट्टांची पहिली मादी तिला पाहून थबकली, मागचे तिच्यावर आदळले. डावीकडून तिचा कळप आला. नाकातून वाफ सोडत, जड पोटं सांभाळत, एकामागून एक, तिच्या पाठीमागून समुद्राच्या बाजूला उतरत गेला.

खाली साम्मोल घसरगाडीवर बसला होता. कुत्र्याला मांस भरवत होता.

ऑक्टोबरात बुडालेल्या योव्नाला तळ्यातून बाहेर काढलं तेव्हा, बाकीचे येऊन पोचण्याआधी, त्याचे खिसे साम्मोलने रिकामे केले होते. बाटली त्यातलीच.