रोज एक वस्तू

“माझं काही साठवू नको गं, ज्याला लागेल त्याला देऊन टाक,” शेवटच्या दुखण्यात हे म्हणाले आणि मी शब्द दिला. वर्ष सरलं, तरी त्यांच्या एकाही वस्तूला हात लावायचा धीर होईना. म्हणून यंदा चातुर्मासात नेम धरला: रोज घरातली एक वस्तू दिल्याशिवाय जेवायचं नाही. महिनाभर नेम चुकला नाही. आज शेजारच्या इंदूबाईपुढे मी माझं एक लुगडं धरलं, तर तिने ते घेतलंच नाही. “वैनी, तुमची भांडी गेली, लुगडी गेली. दादांचं मात्र कायबी हललं नाय. घरातनं तुमीच चाललाय काय?” मी लुगडं परत ठेवलं. खुंटीवरून त्यांची छत्री काढली. चौकाच्या नाक्यावर भाजीवाला दामू डोक्यावर पोतं पांघरून बसतो. बाहेर पाऊस होता. पण छत्री आता दामूची. ती न उघडताच मी निघाले.