तलावावरचा बगळा

"बगळा बुजला की फोटोची प्लेट वाया जाते," गुरुबसप्पा कॅमेऱ्यामागून म्हणाला. "जरा बसून घ्या, हवालदार."

हवालदार कोंडीबा घाटाच्या पायरीवर टेकला. सिद्धेश्वर तलावाच्या उथळ पाण्यात राखी बगळा एका पायावर उभा होता. त्याच्या पलीकडे रंभाबाई धुणं धूत होती. थंडी होती, म्हणून तिचं पोर शेजारी दुपट्यात पार गुंडाळून ठेवलेलं.

पुण्याच्या एका साहेबाला बगळ्यांचे फोटो हवेत, असं गुरुबसप्पानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ते साफ खोटं होतं. नव्या पेठेत त्याचा स्टुडिओ बरा चालला होता आणि बगळ्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

त्याला फोटो हवा होता त्या पोराचा.

रंभाबाईचा नवरा धोंडीराम हा गुरुबसप्पाचा शाळासोबती. इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला त्या दिवसांत गिरणीच्या दारावर तिरंगा झेंडा लावून तो पसार झाला, तो अक्कलकोटच्या बाजूला एका मळ्यात लपून होता. पोर त्याच्या माघारी जन्मलं. बुधवारी त्याचा निरोप आला: लेकाचं तोंड बघितल्याशिवाय राहवत नाही, सोमवारी येतो. आला असता तर थेट बेडीत, कारण रंभाबाईच्या दारावर पहारा होता. ती घाटावर आली की पहाराही मागोमाग घाटावर येई, आणि तो पहारा म्हणजेच कोंडीबा. फोटो धाडतो, पण तू येऊ नकोस, असं गुरुबसप्पानं उलट कळवलं होतं.

रंभाबाईला यातलं काही सांगायची सोय नव्हती. तिच्याशी दोन शब्द बोलणाऱ्यालाही चौकीत नेत.

शुक्रवारी पोर झोपलेलं राहिलं. शनिवारी कोंडीबालाच हुक्की आली. "बघू तरी काय दिसतंय," म्हणत त्यानं कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घातलं.  कॅमेऱ्याच्या काचेवर बगळा कोपऱ्यात जेमतेम होता आणि मधोमध रंभाबाई होती.

कोंडीबा हसतच बाहेर आला. "आयला, सगळं उलटंच की! बाई डोक्यावर हुबी!"

गुरुबसप्पाचा जीव भांड्यात पडला. उलट्या चित्रातलं याला काही उमगलेलं दिसत नव्हतं. तेव्हापासून हवालदाराला बगळ्याचा भलताच लळा लागला. घाटावर कुणी मोठ्यानं बोललं तरी तो डोळे वटारायचा.

आज रविवार. आज नाही तर मग संपलंच. फोटो पोचला नाही, तर उद्या धोंडीराम वेशीत पाऊल टाकणार.

आणि पोरानं नेमकं भोकाड पसरलं. बगळा पंख पसरून उडाला, तो पार किल्ल्याच्या बाजूला गेला.

कोंडीबा तावातावानं उठला. "ए बाई, किती रडवतीस त्येला? बगळा उडाला की!"

रंभाबाई भिऊन बाजूला सरली. त्यानं दुपटं सोडलं, पोराला उचललं आणि इकडं तोंड करून पायरीवर बसवलं. जीभ टाळ्याला लावून टक टक आवाज केला. पोर रडायचं थांबलं, आणि समोरच्या कॅमेऱ्याकडे टकामका बघत राहिलं.

गुरुबसप्पानं भिंगावरचं झाकण काढलं, मनात दोन आकडे मोजले आणि झाकण लावलं.  आजवर हजार लग्नांचे फोटो काढले असतील, पण इतका आनंद कधी झाला नव्हता. रातोरात फोटो मळ्यावर पोचला की धोंडीराम येणार नाही. लेकाचे दंड धरून बसलेला पोलीस बघून तो काय म्हणेल, ते मागाहून निस्तरता येईल.

पोर आईकडे देऊन कोंडीबा परत आला. "घावला का बगळा?"

"घावला की," गुरुबसप्पानं ठोकून दिलं.

पाणी रिकामंच होतं. असला भोळा माणूस पहाऱ्याला मिळाला, हे धोंडीरामाचं नशीबच म्हणायचं, असं मनाशी म्हणत तो सामान आवरू लागला.

कोंडीबानं कॅमेऱ्याची तिपाई उचलून त्याच्या खांद्यावर दिली. घाटावर इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"धोंडीरामला सांगा," तो म्हणाला, "फोटूत काय दिसायचं न्हाय, पर खालचे दोन दात आल्यात."