तिसऱ्या दिवशीचं जेवण

सकाळपासून चुलीखाली पाळलेले कुई, म्हणजे गिनीपिग, ओरडत होते, म्हणून क्लोरिंदाला वाटलं, आज ठरणार. इथल्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुई असे एका सुरात ओरडले की दारात पाहुणा येतो. कुंपणापलीकडून एतेलविनानेही ऐकलं होतं.

"मोठा नर भाजायला राखून ठेव," ती म्हणाली होती. "पोरगा पहिल्यांदाच बायकोमुलीला घेऊन येतोय. त्याच्यापुढे बटाटे वाढून हसं करून घेऊ नकोस."

फोन दुपारी आला. न्यूयॉर्कहून, विल्मेरचा. क्लोरिंदाने तो मक्याच्या टोपलीला टेकवून उभा केला आणि अर्धी विणलेली हॅट पुन्हा मांडीवर घेतली. हात रिकामे असले की तिला बोलायला सुचत नाही.

"चार दिवस मिळालेत, आई. सगळा बेत झालाय, ऐक. पहिले दोन दिवस क्वेंका शहर. कॅथेड्रल, फुलांचा बाजार, नदीकाठ. मग हॅटचं म्युझियम. तिथे बाया समोर बसून विणून दाखवतात."

"बरं," क्लोरिंदा म्हणाली. बोटं चालूच होती.

"उरलेले दोन दिवस खेडं. तुझ्या नातीला, ब्रियानाला खेडं बघायचंय. खाली दरीत पूर्वीच्या जमीनदाराचा बंगला आहे ना, त्याचं आता हॉटेल केलंय. गाय आहे, पोरांना दूध काढू देतात. मक्यातून फिरवतात."

त्या जमीनदाराच्या मळ्यात राबून क्लोरिंदाचा बाप वाकला होता. तो विषय तिने काढला नाही. खिडकीबाहेर तिची गाय खुंट्याला बांधलेली होती. मागे मका. मक्याच्या पलीकडे विल्मेरच्या पैशांनी उठलेलं तीनमजली घर, निळ्या काचांचं. आत माणूस नाही. गावात अशी घरं पुष्कळ. पोरं तिकडून घरं पाठवतात, स्वतः येत नाहीत. आया त्या घरांची राखण करतात आणि जुन्या मातीच्या स्वयंपाकघरात झोपतात, कारण ऊब तिथेच असते. तरी परवा क्लोरिंदाने वरच्या खोलीत तीन पलंग लावून घेतले होते. गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

"आणि इथे कधी?"

"इथे म्हणजे?"

"घरी रे. तुझ्या घरी."

विल्मेरने बाजूला पाहिलं. तिथे बायको बसलेली असणार.

"आई, रस्ता बघ ना तुमचा. जॅनेटला वळणं सोसत नाहीत. आणि ब्रियानाने एक कुई पाळलाय. त्याला नाव आहे, स्वेटर आहे. तुझ्याकडचे बघून ती विचारेल, हे कशाला? काय सांगू मी?"

"सगळे एतेलविनाकडे नेऊन ठेवते. एकसुद्धा दिसणार नाही तिला. बटाटे आणि चीज खाऊ घालीन." क्लोरिंदा फोनकडे झुकली. "एक रात्र, विल्मेर. जास्त नको."

"कशाला जिवाला त्रास करून घेतेस? त्यापेक्षा तूच ये. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलवर ये, मी गाडी पाठवतो. त्या दिवशी खास जेवण असतं. मातीचं स्वयंपाकघर, चूल, आणि गावची एक आजी समोर बसून रांधते, हाताने वाढते. लहानपणच्या गोष्टी सांगते. ब्रियाना तर त्याचीच वाट बघतेय."

बोटं थांबली.

"कुठली आजी?"

"असते कोणीतरी. हॉटेलवालेच आणतात." आणि मग, तिची खात्री पटावी म्हणून, "स्वच्छ असते."

चुलीत लाकूड तडकलं. विल्मेर घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला."

"चुलीपाशी ती बसणार," क्लोरिंदा म्हणाली. "मग मी कुठे बसू?"

"आमच्याबरोबर, आई. टेबलाशी. मस्तपैकी पाहुणी म्हणून."

तिने मान हलवली. हो की नाही, ते त्याला कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. चांगले कपडे घालून ये, एवढं म्हणाला आणि फोन ठेवला.

एतेलविना गवताचा भारा घेऊन आत आली, तेव्हा क्लोरिंदा हॅटची वीण उसवत होती. मघापासूनची सगळी ओळ चुकली होती.

"काय मग? ठरलं?"

"ठरलं. येतायत."

"इथे?"

क्लोरिंदाने आणखी एक टाका उसवला. चुलीखाली कुई पुन्हा सुरू झाले, एका सुरात, गळा फाडून.

"ऐक," ती म्हणाली. "पाहुणा येणार म्हणतायत."

एतेलविनाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग भारा सोडून ती चुलीपाशी वाकली.

"माझे तर पोरी तिकडे गेल्यापासून रोज ओरडतायत," ती म्हणाली. "भूक लागलेली असते त्यांना. घे, गवत टाक."