रंध्याखालची जागा

कपाट करायला आलेल्या भिकाजी सुताराने चेरीच्या लाकडाच्या फळीवरचा रंधा उचलला आणि खाली वाकून पाहिलं. मालनचा नवराही सुतार; तो गेल्यापासून तिने तो रंधा कुणाला हलवू दिला नव्हता. उजेडाने चेरी गडद तांबूस झाली होती. रंध्याखाली मात्र त्याच्याच आकाराची फिकट जागा उरली होती.

“हे जिवंतपणी कधी एका जागी टिकले नाहीत,” मालन म्हणाली.

“रंध्याचा एक हात मारला की डाग जाईल, वहिनी. आणि दारांना काळं शिसव नको. चेरी अजून काळवंडेल, मग दोन्ही सारखीच दिसतील. शिवणीचं लाकूड घेऊ, ते फिकं राहतं.”

“शिवणीची दारं करा. ही फळी न घासता आत घाला. अंधारात जागा तशीच राहील.”

कपाट झालं. तिने त्या जागेवरून हात फिरवला, दार घट्ट लावलं आणि चहा ठेवला. आधण येईपर्यंतही तिला राहवलं नाही. बंद खोलीत नवऱ्याचा जीव घुसमटायचा. थंडीतही खिडकी उघडी लागायची.

तिने जाऊन दार किलकिलं केलं. उन्हाची तिरीप थेट त्या फिकट जागेवर पडली. तिने दार पुन्हा लावलं नाही.