घाटातली पैज

पाचवं वळण गेलं तरी लेकीची विजेवरची गाडी थांबेना, तेव्हा मागच्या जीपमध्ये मिस्त्रींचा जीव वरखाली होऊ लागला. एव्हाना त्या गाडीला धाप लागायला हवी होती. पण ती आपली हूं की चूं न करता घाट चढत होती.

"थांबेल," शेजारी बसलेला पंक्चरवाला म्हणाला. "हा घाट कुणाला सोडत नाही."

"तू पंच आहेस. पंचाने कुणाची बाजू घ्यायची नसते," मिस्त्रींनी त्याला दटावलं आणि लगेच हळूच विचारलं, "कुठल्या वळणावर थांबेल रे?"

पैज साधी होती. लेकीला घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागली होती. विजेची गाडी एकदाही न थांबता घाट पार झाली, तर मिस्त्रींनी त्या गाडीविरुद्ध पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. थांबली, तर लेकीने ती मुकाट्याने परत करायची आणि बापाने तयार केलेली डिझेलची गाडी न्यायची. ती गाडी तयार करायला मिस्त्रींना आठ महिने लागले होते. भंगारातून आणलेली, पण इंजिन त्यांनी स्वतः उतरवलं, स्वतः बांधलं. सीटची कव्हरं बायकोकडून दोनदा उसवून घेतली. आणि ती दारात उभी करायची, नेमक्या त्याच आठवड्यात लेक ही असली गाडी घेऊन हजर. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. मिस्त्रींनी मोठ्या हौसेने बॉनेट उघडलं आणि पाना हातात धरून नुसते बघत राहिले. तीस वर्षं जगाच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि आता घरच्या गाडीला हात लावायची सोय नाही. लेकीला आपली गरजच उरली नाही, हे त्यांना इतकं लागलं की दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पैज सुचली आणि एकदम तीन पोळ्या जास्त गेल्या.

"मला काय," पंक्चरवाला मांडी ठोकत म्हणाला, "डिझेलवर चालवा नाहीतर विजेवर. टायर काढून तर कुणी चालवणार नाही ना? माझं दुकान अमर आहे."

मिस्त्री खो खो हसले. मग दोघांनी मिळून एक गाणं धरलं, ज्याचे शब्द दोघांनाही येत नव्हते. एरवी मिस्त्री गाडी चालवायचे ते एक कान इंजिनाला लावून. जीपमधला तापमानाचा काटा कधीचा मेला होता आणि त्यांनी तो बदललाही नव्हता, कारण इंजिनाला नुसती शिंक आली तरी त्यांना कळायची. आज मात्र दोन्ही कान पुढच्या गाडीकडे होते, आणि तिला तर आवाजच नव्हता.

सातव्या वळणानंतर ती कडेला झाली. मागचे पिवळे दिवे लुकलुकले. थांबली.

मिस्त्रींनी जीप तिच्या मागे घेतली, ती तशीच चालू ठेवून खाली उडी मारली आणि बंद गाडी ओढायची टोचनाची साखळी खांद्यावर टाकली. साठीच्या माणसाने भर घाटात नाचू नये, पण मिस्त्री नाचले. साखळी खळखळ वाजत होती. पंक्चरवाल्याने तोंडाने बँड लावला, मग हात वर करून पंचाचा निकाल दिला, "गाडी थांबली. मिस्त्री जिंकला."

लेक उतरली. तिच्या हातात पाण्याचा कॅन होता. नाचणाऱ्या बापाच्या बाजूने ती सरळ जीपकडे गेली आणि वाकून खाली बघायला लागली.

"बाबा, आधी इंजिन बंद करा."

तेव्हा मिस्त्रींना तो आवाज ऐकू आला. कोरडा, खडखडता. झोपेतही ओळखला असता त्यांनी. पळत जाऊन त्यांनी किल्ली फिरवली. जीपखाली हिरवट पाणी ठिबकत होतं.

"तुझी बॅटरी संपली ना?" त्यांनी विचारलं.

"निम्मी शिल्लक आहे."

"मग थांबलीस कशाला?"

"वरच्या वळणावरून खाली नजर गेली. तुमच्या मागे रस्त्यावर पाण्याची रेघ दिसत होती. रेडिएटरचा पाइप फुटलाय. अजून दोन वळणं चढला असतात तर इंजिन जाम झालं असतं." तिने खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "घ्या. पैज म्हणजे पैज."

मिस्त्रींनी किल्ली घेतली. लेकीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, घाटाच्या रस्त्यावरच्या त्या ओल्या रेघेकडे पाहिलं. गाडीच्या मागे रस्ता ओला दिसला तर गाडी आजारी समजायची, हे तिला कुठल्या कंपनीने शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या पोटातून हसू उसळलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. त्यांनी किल्ली परत तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची मूठ मिटवली.

पंक्चरवाला चांगलाच तापला. "हे चालणार नाही मिस्त्री. पंचाचा निकाल आहे. गाडी थांबली, मी या डोळ्यांनी पाहिलं."

"चष्मा बदल," मिस्त्री म्हणाले. "गाडी कुठे थांबली? थांबली ती माझी लेक."